संघटना आमची, मग शिक्का तुमच्या पर्समध्ये कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत गटाची पहिली बैठक होती. "संघटना सभासदांची आहे," असं माझं सांगून झालं आणि मागून एका मावशींनी विचारलं, "मग शिक्का तुमच्या पर्समध्ये कसा?" शिक्का खरंच माझ्या पर्समध्ये होता.

मी घरकामगार बायांच्या या संघटनेत पगारी कार्यकर्ती आहे. खालचे प्रश्न वस्त्यांमधून, मालकिणींकडून आणि दुसऱ्या संघटनांच्या मंडळींकडून आलेले आहेत. उत्तरं मी लिहिली, पण चार वस्त्यांत मोठ्यानं वाचून दाखवली. दोन ठिकाणी बायांनी ती बदलायला लावली.

सभासद कोण होऊ शकतं?

दुसऱ्याच्या घरी धुणं, भांडी, केर-फरशी, स्वयंपाक, मुलं किंवा म्हातारी माणसं सांभाळणं, यातलं काहीही करून पोट भरणारी बाई. पुरुषही चालतात. थोडे आहेत, बहुतेक स्वयंपाकी. वर्गणी वर्षाची असते, पावती मिळते, ती जपून ठेवा. सरकारच्या घरेलू कामगार कल्याण मंडळात (त्याचा कायदा 2008 चा) 18 ते 60 या वयातच नोंदणी होते. संघटनेत वयाची वरची मर्यादा नाही. साठी झाली म्हणून कुणाची भांडी सुटत नाहीत.

निर्णय नेमका कोण घेतं?

वस्तीतला गट, गटांच्या प्रतिनिधींची महिन्याची बैठक, नऊ जणींची कार्यकारिणी आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा अशी उतरंड आहे. उतरंड म्हटलं की लोकांना वरचं मडकं मोठं वाटतं. घरात उतरंड रचलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत असतं की सगळ्यात मोठं मडकं तळाला असतं, आणि ते काढलं तर वरची सगळी फुटतात.

वस्तीत जे सुटतं ते वस्तीतच सोडवायचं. एखाद्या सोसायटीत बायांना लिफ्ट वापरू देत नाहीत, एका घरात महिन्याचे पैसे अडकलेत, अशा गोष्टींसाठी वर विचारायला यायचं नाही. कामाचं दरपत्रक, दिवाळीच्या बोनसची मागणी, वर्गणी वाढवणं, मोर्चा, दुसऱ्या संघटनेबरोबर जाणं या गोष्टी सगळ्यांना लागतात. म्हणून त्या आधी प्रत्येक गटात जातात, मग प्रतिनिधींच्या बैठकीत मत होतं. कार्यकारिणीनं ठरलेलं पार पाडायचं. तिला नवीन काही ठरवायचा अधिकार एकाच प्रसंगी आहे: कुणाला मारहाण झाली, कुणावर चोरीचा आळ आला, पोलीस चौकीत बसवून ठेवलं. तेव्हा बैठकीची वाट बघत नाही. तीन जणींनी फोनवर ठरवलं तरी चालतं, पण पुढच्या बैठकीत काय केलं ते सांगावंच लागतं.

म्हणजे प्रतिनिधी म्हणजे आमची नगरसेवकच की?

नाही. नगरसेवकाला एकदा मत दिलं की पुढची निवडणूक येईपर्यंत तो तुम्हाला विचारायला बांधलेला नाही. आणि निवडणूकच झाली नाही तर? पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर बराच काळ कारभार प्रशासकाकडे होता. तेव्हा ड्रेनेजची तक्रार कुणाकडे न्यायची हेच बायांना कळत नव्हतं.

आमची प्रतिनिधी गटाचा निरोप घेऊन येते आणि बैठकीचा निरोप घेऊन परत जाते. याच शहरात 1870 साली सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा तिचा सभासद व्हायला किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. ती सभा पुढाऱ्यांची आणि प्रतिष्ठितांची होती. आमच्या आज्या-पणज्यांना तिथे कुणी बोलावलं नसतं. पण "तू बोलतोस ते कुणाच्या वतीनं, ते आधी दाखव," ही अट मला आजही रास्त वाटते. आमची प्रतिनिधी कागद आणत नाही. ती बैठकीत आधी सांगते की गटात किती जणी हजर होत्या, काय ठरलं, आणि कुणाचं वेगळं मत होतं. तिसरी गोष्ट सांगितली नाही तर बाकीच्या विचारतात.

तीन बैठका न सांगता चुकवल्या, किंवा गटाचं सोडून स्वतःचंच मत मांडलं, तर गट तिला परत बोलावून दुसरी पाठवू शकतो. हे आजवर तीनदा झालंय. एकदा फार रडारड झाली.

बैठकीची वेळ कोण ठरवतं? इतक्या साध्या गोष्टीचा इथे काय संबंध?

माझ्या मते सगळ्यात जास्त संबंध याच गोष्टीचा आहे.

सुरुवातीला बैठका रविवारी सकाळी अकराला, शहराच्या मध्यात एका ओळखीच्या हॉलमध्ये होत. ती वेळ आम्हा पगारी कार्यकर्त्यांच्या सोयीची होती. रविवारी सकाळी घरोघरी पाहुणे, म्हणजे भांडी दुप्पट. ज्यांना एक-दोनच घरं होती आणि ज्या जवळ राहत होत्या, त्याच येत. वर्षभर आम्ही त्यांच्याशी बोलून सगळं ठरवत होतो आणि त्याला "सभासदांचा निर्णय" म्हणत होतो. येरवड्याच्या आणि वारज्याच्या बायांना वाटायचं संघटना दांडेकर पुलाच्या बायांची आहे. त्यांचं चुकत नव्हतं.

आता बैठक दुपारी अडीच ते चार. सकाळची कामं आटपलेली असतात, संध्याकाळची सुरू व्हायची असतात. पुण्यात दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात यावर विनोद खूप झाले, पण त्या वेळात खरी विश्रांती कुणाला मिळते ते आमच्या बायांना विचारा. ती त्यांच्या पाठ टेकायच्या वेळेवरची बैठक आहे हे आम्ही विसरत नाही, म्हणून चार म्हणजे चार. जागा फिरती असते, प्रत्येक महिन्याला वेगळी वस्ती. लांबून येणाऱ्यांचं पीएमपी बसचं तिकीट संघटना देते. गुरुवारी पाणी बंद असेल तर शुक्रवारी "उशिरा व कमी दाबाने" येतं, म्हणून शुक्रवारी बैठक नाही. गौरी-गणपतीच्या दिवसांत तर नाहीच.

वेळ आणि जागा बदलल्यावर आमच्या ठरावांचे विषयही बदलले. आधी "सक्षमीकरण शिबिर" असायचं, आता "आजारपणाच्या खाड्याचे पैसे कापणं" असतं.

विषयपत्रिका कोण काढतं?

आधी मी काढायची. आता दोन प्रतिनिधी काढतात, दर महिन्याला वेगळ्या, आणि बैठकीच्या आठ दिवस आधी ती गटांत पोचते. ज्या विषयावर गटात बोलणं झालं नाही त्यावर मत घ्यायचं नाही.

इथे एका ओळीबद्दल सांगायलाच हवं. कुठल्याही संस्थेची सभेची नोटीस बघा, शेवटी असतं: "मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय." मी आधी एका मोठ्या संस्थेत नोकरी केली. तिथे खरे निर्णय याच ओळीत व्हायचे. सव्वा तास अहवाल-वाचन, माणसं कंटाळलेली, चहा आलेला, आणि मग आयत्या वेळी जागेचा करार मंजूर. सूचक ठरलेला, अनुमोदक ठरलेला. आमच्याकडे आयत्या वेळचा विषय मांडता येतो, त्यावर बोलताही येतं, पण ठराव पुढच्या महिन्यात. याचा त्रास होतो. एकदा एका कार्यालयाला पत्र द्यायची तारीख त्यामुळे हुकली. तरी नियम ठेवलाय.

मत हात वर करून की चिठ्ठी टाकून?

साध्या गोष्टीला हात. माणसं निवडायची असतील तर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर नाव लिहायचं नसतं. हळकुंड, सुपारी, खारीक अशा वस्तू प्रत्येक उमेदवाराला ठरवून देतो, बाई आडोशाला जाऊन डब्यात टाकते. हळदी-कुंकवाला जमल्यासारखं दिसतं, पण पद्धत चोख आहे. हात वर करायचे असले की आधी बाजूचीकडे बघितलं जातं, विशेषतः बाजूला नणंद किंवा घरभाडं घेणारी बसली असेल तर.

"सर्वानुमते मंजूर" असं किती वेळा लिहिता?

कमी. इतिवृत्तात विरोध किती जणींचा आणि कारण काय, हे लिहायचंच असं ठरलंय. सगळं सर्वानुमते होत असेल तर एक तर विषय फालतू होता किंवा कुणी तरी घाबरलेलं होतं.

मला लिहिता-वाचता येत नाही. मी कार्यकारिणीत कशी जाणार?

नऊपैकी चौघींना येत नाही, एकीला फक्त कन्नड येतं. ती कलबुर्गीकडची आहे.

इतिवृत्त बैठक संपायच्या आत मोठ्यानं वाचून दाखवलं जातं, नंतर सह्या आणि अंगठे. आधी आम्ही कोरं रजिस्टर फिरवून सह्या घ्यायचो आणि मजकूर घरी जाऊन लिहायचो. त्यात लबाडी नव्हती, आळस होता. पण घरी बसून लिहिताना "चर्चा झाली" याऐवजी "ठरले" असा एक शब्द बदलला की निर्णय बदलतो, आणि तो शब्द माझ्या हातात होता. आता लिहिणारी लिहिते, तिच्या शेजारी न लिहिणारी बसते आणि वाचून घेते. हिशेबाचंही तसंच. तक्त्यावर रुपयाऐवजी बिल्ले चिकटवून दाखवले की कुणाचाही हिशेब पक्का असतो. पाच घरांचे पगार, खाडे आणि उचल तोंडपाठ ठेवणारीला जमाखर्च कळत नाही असं म्हणणारा माणूस कधी पाच घरं करून बघत नाही.

पैसे कुणाच्या हातात असतात?

बँकेत तिघींच्या सह्यांपैकी दोन लागतात. तिघीही काम करणाऱ्या सभासद, पगारी कुणी नाही. चेकबुक खजिनदाराकडे, पासबुक दुसऱ्या वस्तीतल्या बाईकडे. सह्या करून ठेवलेला कोरा चेक सापडला तर दोघींचंही पद जातं.

कागदोपत्री मालक कोण?

संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आहे आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. कंटाळवाणं वाटेल, पण इथेच अनेक संघटनांची माती झाली आहे. सभेत नवी कार्यकारिणी निवडली तरी बदल अर्ज 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो दिला नाही, किंवा पडून राहिला, की कागदावर जुनीच नावं. बँक कागद बघते. मग दहा वर्षांपूर्वीचे अध्यक्ष, ज्यांना वस्तीत कुणी ओळखत नाही, ते सहीला लागतात आणि सहीच्या बदल्यात मत सांगू लागतात. आमचा अर्ज एकदा लांबला होता. तेव्हा एका माजी पदाधिकाऱ्यांच्या घरी सहीसाठी चार खेटे घातले. चहा मिळाला, सही पाचव्या खेपेला.

आता सर्वसाधारण सभेच्या आधीच अर्जाचे कागद तयार ठेवतो. संस्थेचे उद्देशच बदलायचे असतील तर कायद्यानं दोन विशेष सभा लागतात, मध्ये महिन्याचं अंतर आणि दोन्हीकडे तीन-पंचमांश मतं. कायद्याची ही सावकाशी मला आवडते. मधल्या महिन्यात गोष्ट वस्तीत फिरून येते.

पदावर किती वर्षं राहता येतं?

तीन वर्षं, लागोपाठ दोनदा नाही. तक्रार येते की "चांगली शिकली आणि उतरवली." खरं आहे. म्हणून उतरलेली बाई सहा महिने नवीच्या सोबत जाते, कामगार कार्यालयात, चौकीत, बँकेत. तिला बोलायची परवानगी असते, सहीची नाही.

माझ्याऐवजी माझे मिस्टर आले तर चालेल?

नाही. दारापर्यंत सोडायला आले तर चहा देऊ.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर मत घेऊन पटकन का उरकत नाही?

कारण ग्रुपवर ज्या बाईचा फोन मुलगा वापरतो तिचं मत मुलगा देतो. रिचार्ज संपलेली बाई नाही म्हणाली की गप्प बसली हे कळत नाही. निरोपाला ग्रुप उत्तम आहे, तोही आवाजाचा निरोप. अंगठा फक्त रजिस्टरवरचा धरतो, ग्रुपमधला नाही.

संप करायचा तर कोण ठरवणार?

पुण्यात 1980 साली मोलकरणींनी काम बंद केलं होतं आणि पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातूनच उभी राहिली. म्हणजे आधी संप, मग संघटना. हे आठवलं की आमच्यासारख्या नियम करणाऱ्यांना जरा जमिनीवर यायला होतं. बायांना ठरवायला उतरंड लागली नव्हती.

तरी आज नियम असा: काम बंद करायचं असेल तर प्रत्येक गटात चिठ्ठी, आणि ज्या गटात बहुमत नाही त्या वस्तीवर सक्ती नाही. कामाचं घर जाणार ते बाईचं, प्रतिनिधीचं नाही.

बहुमतानं घेतलेला निर्णय चुकला असं कधी झालं?

झालं. एकदा आम्ही पूर्ण शहरासाठी एकच दरपत्रक काढलं. बहुमत मोठं होतं, बैठकीत टाळ्या पडल्या. कोथरूड, बाणेर, औंधच्या सोसायट्यांत काम करणाऱ्यांना वाढ मिळाली. पण पेठांमध्ये जुन्या वाड्यांत, पेन्शनवर राहणाऱ्या एकट्या आजी-आजोबांकडे ज्या बाया जात होत्या, त्यांची घरं सुटली. त्या आजींना तेवढे पैसे देणं शक्यच नव्हतं, आणि बाईलाही त्यांना सोडायचं नव्हतं. आम्हाला मतं मोजता आली, पण ज्या थोड्या जणींना फटका बसणार होता त्यांना आधी वेगळं विचारायचं सुचलं नाही. दरपत्रक तयार करणाऱ्या पाचही जणी सोसायट्यांत काम करणाऱ्या होत्या आणि तो तक्ता माझ्या लॅपटॉपवर झाला होता.

तेव्हापासून एक प्रश्न प्रत्येक मोठ्या ठरावाआधी विचारतो: "हे झालं तर कुणाचं घर सुटेल?" जिचं सुटेल तिनं बोलल्याशिवाय मत नाही. दरपत्रक आता भागानुसार आहे. सुटलेल्या घरांपैकी थोडीच परत मिळाली.

मग सहकारी संस्थाच का काढत नाही? कचरावेचकांनी काढली ना?

काढली. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना 1993 ची. पुढे त्यातून "स्वच्छ" ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला. सहकारात एका सभासदाला एकच मत, भाग कितीही असोत, हे आम्हालाही भावतं. पण त्यांच्यासमोर एक महापालिका आहे जिच्याशी करार करता येतो. आमच्यासमोर लाखभर स्वयंपाकघरं आहेत, आणि प्रत्येकात वेगळी मालकीण. चर्चा चालू आहे. दोन गटांना स्वयंपाकाच्या कामापुरती संस्था काढायची आहे, बाकीच्यांना नाही.

बैठकीत चहा कोण करतं?

हा प्रश्न एका नव्या कार्यकर्तीनं गमतीत विचारला होता, पण तो गमतीचा नाही. बराच काळ काही ठरावीक बायांच्या हातचा चहा काही जणी "आत्ताच घेतला" म्हणून टाळत. कुणी जात काढली नव्हती, कप बोलत होते. खुर्च्यांवर कोण आणि सतरंजीवर कोण यातही तेच. ज्या बाईचा चहा नको तिचं म्हणणंही बैठकीत पुढे सरकत नसे. मी तीन-चार इतिवृत्तं काढून पाहिली, तिच्या नावावर एकही सूचना नव्हती.

आता चहाची पाळी चिठ्ठीनं लागते, बसायला सगळ्यांना सतरंजी. गुडघे दुखणारीला खुर्ची. एकीनं यावरून संघटना सोडली. तिला कुणी थांबवायला गेलं नाही.

प्रतिनिधी एखाद्या पक्षाच्या प्रचाराला गेली तर?

जाऊ दे, तिचं मत तिचं. संघटनेचं नाव, झेंडा, शिक्का तिथे न्यायचा नाही. प्रचाराच्या काळात साड्या आणि भांडी वाटली जातात, घ्यायची की नाही यावर आम्ही ठराव केलेला नाही. केला असता तर पाळला गेला नसता.

शिक्का आता कुठे आहे?

ज्या वस्तीत पुढची बैठक तिथल्या गटाच्या डब्यात. एकदा तो डबा दळणाच्या डब्यांत मिसळला आणि गिरणीत जाऊन आला. शिक्क्याच्या कडेला अजून पीठ आहे.

पगारी कार्यकर्त्यांना मत आहे का? त्यांचा पगार कोण ठरवतं?

मत नाही. बोलू शकतो, तेही विचारल्यावर, असं ठरलंय. मी ते नेहमी पाळते असं नाही.

पगार कार्यकारिणी ठरवते आणि त्या वेळी आम्ही बाहेर बसतो. मागच्या वर्षी ताडीवाला रोडच्या समाजमंदिराच्या पायरीवर मी आणि माझी सहकारी वीस मिनिटं बसलो होतो. दार नीट लागत नाही. आतून पहिला प्रश्न ऐकू आला तो जनता वसाहतीच्या त्याच मावशींचा: "ताईंचे खाडे किती झाले?"